एक पट्टी वर

उस्ताद देवमाणूस होता असं म्हणणारे परभणीत पुष्कळ निघतील. गेल्या साली तो गेला तेव्हा बसस्टँडमागच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता. फोटोखाली ‘संगीतप्रेमींचा आधारवड’ असं छापलं होतं. मी मोटारसायकल थांबवून तो फ्लेक्स दोनदा वाचला. वडाखाली दुसरं काही वाढत नाही, हे छापणाऱ्याला माहीत असावं की काय, अशी मला शंका आली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बरोबर आहे. पण जिवंत होता तेव्हा त्याच्या तोंडावर बोलायची आमच्यातल्या कुणाची छाती नव्हती, मग बोलायचं तरी कधी?

उस्ताद हे त्याचं नाव नव्हे. खरं नाव लाइटच्या बिलावर होतं, ते आम्ही कधी वापरलं नाही. गाणं तो शिकलेला नव्हता. वाजवायला त्याला शिट्टीसुद्धा येत नव्हती. त्याचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, बस्स. दुकान एवढंसं, की दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. आपण गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी भरलेली न्यायची, असा तो धंदा. पण यादी उस्तादला पसंत पडली तर. नाही पडली तर तो ती घडी करून परत हातात ठेवायचा. पेडगावचा एक शेतकरी एकदा पोरीच्या लग्नासाठी गाणी भरायला आला. उस्ताद त्याला म्हणाला, "लगीन हाय ना? मंग सनईवाला सांगा. माझ्याकडं कशाला आलाव?" तो बिचारा म्हणाला, पैसे देतो की. "पैसे सगळेच देतेत," उस्ताद म्हणाला, आणि बशीतला चहा फुर्रर्र करून ओढला.

त्याचा जीव एकाच ठिकाणी अडकला होता, तो म्हणजे एक परदेशी रॉक बँड. नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. आमच्या सलीमचे चाचा कुवेतला होते, त्यांनी पेटीत घालून त्या बँडच्या कॅसेटी आणल्या. त्या उस्तादच्या हातात पडल्या आणि माणूस कामातून गेला. मग परभणीत, जिंतुरात, सेलूत जेवढी म्हणून पोरं त्या बँडची भक्त झाली, ती सगळी उस्तादनं भरून दिलेल्या कॅसेटींवर. अस्सल कॅसेट त्यानं कुणाला बाहेर नेऊ दिली नाही. आम्हाला मिळायची ती उस्तादच्या हातची, हिरव्या शाईनं देवनागरीत गाण्यांची नावं लिहिलेली. त्यातलं पहिलं गाणं चपला काढून, दुकानात उभं राहून ऐकायचं, तेव्हा कॅसेट हातात. मधे कुणी बोललं की टेप बंद. "गाणं ऐकायचं नसतंय," तो म्हणायचा, "सोसायचं असतंय."

इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नव्हतं. एकदा कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना त्यानं मुद्दाम बोलावून त्या बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा अर्थ विचारला. ते गाणं हळू सुरू होतं आणि शेवटाला गायक असा वर चढतो की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. सरांनी सांगितलं, पोरगी सोडून गेली आहे, म्हणून तो रडतोय. उस्तादनं त्यांना अर्ध्या चहावरून उठवलं. "पोरीसाठी माणूस एवढा वरडत असतो का? माय मेली आसंल त्याची." त्या दिवसापासून परभणी जिल्ह्यापुरतं ते गाणं आईवरचं झालं. आम्ही ते ऐकून खरोखर रडायचो, आता काय सांगू.

चांगलं काही नव्हतंच का त्याच्यात? होतं. सलीमची अम्मी आजारी पडली तेव्हा उस्ताद दुकानाला कुलूप लावून चार दिवस नांदेडच्या दवाखान्यात बाकावर झोपला. सलीम आजही म्हणतो, "दिल का राजा था रे वो." असेल. सलीमच्या वाट्याला दिल आलं. माझ्या वाट्याला जीभ आली.

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही त्या बँडची गाणी करायची ठरवली होती. देवगाव फाट्यावरच्या बाळूनं कुठूनशी गिटार मिळवली होती. आज त्याचं तिथं चहा-भज्याचं हॉटेल आहे आणि ती गिटार गल्ल्यामागं खुंटीला असते. सलीमच्या घरी लग्नातल्या बँडचे ड्रम होते. आणि गाणार होतो मी. हो, मी. आज जिंतूरला खत-बियाण्यांच्या दुकानात युरियाच्या गोण्यांवरून ओरडणारा हा माणूस गात होता. कॉलेजातल्या संगीताच्या बाईंनी मला व्हरांड्यात थांबवून सांगितलं होतं, "आवाज चांगला आहे. रोज सकाळी सातला येत जा, मी बसवून घेते." मी म्हटलं येतो. पण आधी उस्तादची परवानगी. आमच्यात तशी रीतच होती. त्याच्या कानावरून गेल्याशिवाय कुणी त्या बँडचं गाणं लोकांसमोर करायचं नाही.

दुपारी त्याच्या दुकानात गेलो. पायरीवर सात-आठ पोरं. उस्तादनं टेप लावला आणि म्हणाला, "त्याच्यासंगं गा." मी गायलो. खालचं सगळं जमलं. ती शेवटची चढण आली आणि माझा आवाज अर्ध्या रस्त्यात फाटला. पुन्हा लावलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर नुसती हवा आली. उस्तादनं टेप बंद केला, माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, तू खालच्या मजल्यावरचा माणूस हायस. तुला वर कुणी बोलावलं?"

पोरं हसली. बाळूसुद्धा हसला, नंतर माफी मागितली ती गोष्ट वेगळी. आठवड्यात माझं नाव ‘खालचा मजला’ पडलं. गॅदरिंगला एका चिरक्या आवाजाच्या पोराला उभं केलं. तो कसाबसा वर पोचला, टाळ्या घेतल्या, पुढं विम्याचा एजंट झाला. मी संगीताच्या बाईंकडं गेलो नाही. त्यांचं ऐकायचं की उस्तादचं, हा प्रश्नच नव्हता. बाई शिकलेल्या होत्या, पण उस्ताद तो उस्ताद. वडील म्हणाले, बरं झालं, दुकानात बस.

त्यानंतर मी गायलो नाही. गणपतीत आरतीला नुसत्या टाळ्या वाजवतो. पोरीच्या बारशाला बाया म्हणाल्या, भाऊजी, एक पाळणा म्हणा की, तर मी चप्पल घालून बाहेर गेलो. बायकोनं अजून माझं गाणं ऐकलेलं नाही. तिला वाटतं मला आवड नाही. तो बँडही मी परत ऐकला नाही, घरात नाही, मोबाइलवर नाही. उस्तादकडं मात्र जात राहिलो. परभणीला माल आणायला गेलं की पाय तिकडं वळायचेच. का वळायचे, ते मला विचारू नका. मी मलाच विचारून थकलो.

मग एक दिवस तो गायक मेला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या. उस्तादनं शटर खाली ओढलं, डोकं भादरलं आणि दहाव्या दिवशी आम्हाला घेऊन गंगाखेडला गेला, गोदावरीवर. भटजींनी विचारलं, "गोत्र?" उस्ताद म्हणाला, "इंग्रज." भटजी जुने जाणते होते. म्हणाले, माहीत नसलं की कश्यप लावतात, बसा. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. बाळूनं शेजारी सिगारेट ठेवून बघितली. सलीम लांब उभा राहून आकाशाकडं बघत होता. ऊन डोक्यावर आलं. शेवटी उस्ताद पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "तुझ्या जागी दुसरा कुणी उभा राहिला तर मी त्याच्याकडं तोंड करणार न्हाई. शब्द देतो." आणि कावळा आला. बाळूचं म्हणणं, तो शेजारच्या पिंडावरचा वडा संपवून आला होता. पण उस्तादच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून आम्ही गप्प बसलो.

तुम्ही म्हणाल, एवढी सगळी येडी माणसं कशी एकत्र आली? आली, काय करता! पुढं मोबाइल आले. बाळूनं त्यावर तीच गाणी ऐकली आणि गोंधळून उस्तादकडं आला. "उस्ताद, ह्यात ते लय हळू गायलेत. आवाजबी जड लागायलाय." उस्ताद क्षणभरही थांबला नाही. "मोबाइलवाले पातळ करतेत गाणं. दुधात पाणी घालावं तसं. फुकट मिळतंय, मंग अस्सल कसं मिळणार?" बाळूला पटलं. सगळ्यांना पटलं. उस्तादनं जुन्या कॅसेटीवरून मेमरी कार्डं भरून दिली, ती आमच्याकडची मंडळी आजही ट्रॅक्टरला लावून हिंडतात.

आणि दोन-तीन वर्षांमागं बाळू बातमी घेऊन आला, तो बँड हैदराबादला येतोय. वाजवणारे म्हातारे तेच, गायक नवा. उस्ताद सत्तरीच्या पुढं गेला होता, गुडघे धरले होते. कॅसेटी कधीच संपल्या होत्या, दुकानात आता मिक्सर नि इस्त्र्या दुरुस्तीला यायच्या. तो म्हणाला, "जायचं."

"ऐकायला?" सलीमनं विचारलं.

"न्हाई. पाठ दाखवायला. शब्द दिलाय."

आम्ही चौघं रेल्वेनं गेलो. संध्याकाळी पाचला मैदानात उभे होतो. एवढे लोक एका बँडसाठी येतात हे मी प्रथमच बघितलं. काळे शर्ट घातलेली कॉलेजची पोरं होती, तशी आमच्या वयाची, पोट सुटलेली माणसंही होती. नवा गायक आला. तिशीतला पोरगा, चष्मा लावलेला. त्यानं आधी आकाशाकडं बोट केलं, काहीतरी बोलला, आणि आमच्या शेजारची एक बाई हमसून रडायला लागली. तिचा नवरा तिला पाणी पाजत होता. मागं दोन पोरं भांडत होती. एक म्हणे, "आँख बंद करके सुन, वहीच है." दुसरा म्हणे, "वो बात नहीं रे." आणि आमचा उस्ताद पहिल्या सुराला स्टेजकडं पाठ करून उभा राहिला. हाताची घडी घालून, हजारो लोकांकडं तोंड करून. त्याच्यामागोमाग आम्हीही फिरलो.

समोरच्या पोरानं काळजीनं सांगितलं, "अंकल, स्टेज उधर है."

"मालूम है," उस्ताद म्हणाला.

गाणी सुरू झाली आणि खरं सांगतो, आम्ही चाट पडलो. सगळंच जड, सगळंच संथ. बाळू म्हणाला, "झोपेत गायलाय का काय हा?" मला तर आतून उकळी फुटली. त्या पोराला वर जाता येत नव्हतं! मी हात तोंडाशी धरून ओरडलो, "उतार दिया! सुर उतार दिया! नीचे गाता है!" दोनदा, तीनदा ओरडलो. माझ्यावर आलेलं दुसऱ्या कुणावर तरी टाकायला मिळालं होतं, आणि ती मजा मी पुरेपूर घेतली. लाज नाही वाटली. तेव्हा नाही वाटली.

मग ते गाणं आलं, आईचं. सगळं मैदान गायला लागलं. माझी पाठ स्टेजकडं होती आणि तोंड कधी उघडलं मला कळलं नाही. खालचं म्हणत म्हणत गेलो. ती चढण आली. मी थांबणारच होतो, पण आवाज थांबला नाही. गेला. वर, अगदी शेवटच्या टोकापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला. ना फाटला, ना हवा आली. मागून तो पोरगा आणि इकडून मी, दोघं एकाच जागी.

पांढरे केस मागं बांधलेला एक हैदराबादी माणूस माझ्याकडं वळून म्हणाला, "क्या गाते जी आप! एकदम बराबर."

मी म्हटलं, "बराबर काय का! नीचे की पट्टी है ना. ओरिजनल तो ऊपर था."

"कौन बोला? मैं तीस साल से गिटार पे बजा रा ये गाना. पट्टी वहीच है. पहले दिन से." त्यानं खिशातून मोबाइल काढला, मूळ रेकॉर्ड लावली, माझ्या कानाला धरली. मेलेला माणूस गात होता, आणि तो तिथंच गात होता जिथं आत्ता माझा आवाज उभा होता. बाळू पुढं होऊन त्याला समजावून सांगायला लागला की मोबाइलवाले गाणं पातळ करतात. तो माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला. "कहाँ से आए आप लोगां?"

"परभणी," सलीम म्हणाला.

परतीच्या गाडीत उस्ताद खालच्या बर्थवर गाढ झोपला, शब्द पाळलेल्या माणसासारखा. मी बसून होतो. एखाद्याचं एकदा चुकेल. पण अख्ख्या जिल्ह्याच्या कॅसेटी एकसारख्या चुकतील? सकाळी परभणीला उतरलो, बाळू-सलीम आपापल्या वाटेनं गेले. मी जिंतूरची बस सोडली आणि उस्तादच्या मागोमाग दुकानात गेलो. त्यानं त्या गायकाच्या फोटोला उदबत्ती लावली. फळीवर कॅसेटी भरायचा तो जुना डेक अजून होता.

"उस्ताद, हा डेक तेज चालत होता का?"

"मंग?" तो म्हणाला, जसं मी विचारलं होतं सूर्य उगवतो का. "साठ मिन्टाच्या क्यासेटीत त्यायची सगळी गाणी बसंनात. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं. म्हून मोटारीला मागून बारीक छिद्र आसतंय ना, त्यात पेचकस घालून स्क्रू पिळला न् जराशी तेज केली. बसलं सगळं. आन् ऐकायलाबी झक्कास! ही तेजी तिखटासारखी हाय बघ. एकदा लागली की आळणी खाववत न्हाई."

"कधी केली?"

"पयल्यापासूनच की."

"मी गायला आलो होतो तेव्हाही?"

"तवा तर लयच तेज होती."

"मग मी खालच्या मजल्यावरचा नव्हतो, उस्ताद. टेप तेज चालला की सूरही वर चढतो. तुम्ही एक पट्टी वर लावून ठेवलं होतं. तो मेलेला माणूससुद्धा तिथं पोचला नसता!"

उस्ताद खोटं बोलत असता, सारवासारव करत असता, तर मी त्याची गचांडी धरली असती. पण त्याच्या डोक्यात ह्या दोन गोष्टी कधी एकत्र आल्याच नव्हत्या. पेचकस ही दुकानातली गोष्ट होती आणि सूर ही देवाघरची. "आरं हां की," तो हळूच म्हणाला. "खरंच की राव."

"मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलं का?"

"आणि काल त्या पोराला पाठ कशाला दाखवली? तो बरोबर गात होता!"

"शबूद दिल्याला होता. त्यात सुराचा काय संबंध?"

संगीताच्या बाई डोळ्यांपुढं आल्या, पाळण्याच्या बाया आल्या. शिवी अगदी ओठावर आली होती, आईवरूनच देणार होतो. तेवढ्यात उस्ताद स्टुलावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "गा बरं."

"काय?"

"गा की. डेक लावत न्हाई. तू तुझं गा."

दहा वाजले असतील. बाहेर ऑटोवाले ओरडत होते, कुणीतरी इस्त्री दुरुस्तीला घेऊन पायरीवर उभा होता. निघून यायला पाहिजे होतं मी. आलो नाही. गायलो. दोन ओळी घशातच अडकल्या, गोण्यांवरून ओरडून ओरडून घशाचं पार वाटोळं झालेलं. मग मोकळा झालो. ती चढण आली तेव्हा उस्तादनं डोळे मिटले. मी वर गेलो. इस्त्रीवाल्यानं चप्पल काढली.

गाणं संपलं. उस्तादनं डोळे उघडले. "लागला रे सूर," तो म्हणाला. "पार टोकाला लागला." आणि बाहेर तोंड करून दोन चहा सांगितले. माफीचा एक शब्द नाही, हळहळ नाही. चहा आला, त्यानं बशीत ओतला आणि इस्त्रीवाल्याला विचारलं, "काय झालंय? गरम होईना का?"

मी त्याला शिव्या द्यायला गेलो होतो. तीस वर्षांचा हिशोब मागायला गेलो होतो. आणि तो ‘लागला’ म्हणाला, तेव्हा मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण लय आनंद झाला.